सगळं गाव प्रवासाला

त्या स्टेशनावर आता गुडघाभर गवत माजलंय आणि तिकिटाच्या खिडकीत कबुतरांनी संसार थाटलाय. स्टेशन का बंद पडलं असं गावात विचारा, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवील. खरं सांगायचं तर ते गावाच्या मायेपायी बंद पडलं.

गावाला स्टेशनाचं भारी वेड. संध्याकाळची गाडी यायच्या आत सगळे फलाटावर हजर. शिंपीणकाकू बाकावर बसून काजं करायच्या, न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोबत घेऊनच यायचा. गाडी सुटली की ओळख असो-नसो, सगळे हात हलवायचे. चढत मात्र कुणीच नसे. गावात सगळं मिळत असताना बाहेर कशाला तडफडायचं?

स्टेशनमास्तर म्हणजे एकटा जीव सदाशिव. त्यांचं जेवण रोज कुणा ना कुणाच्या घरी. म्हणूनच जेव्हा वरून कळलं, की साहेब तपासणीला येतायत आणि प्रवासी दिसले नाहीत तर स्टेशन बंद, मास्तरांची बदली, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. परक्या गावात जेवायला कोण घालणार? जेवणाचं एक सोडा, "मास्तर, आज गप्प का?" असं कोण विचारणार?

त्यांनी फलाटावर सगळ्यांपुढे हात जोडले.

"उद्या तरी तिकिटं काढा रे बाबांनो! साहेबांना प्रवासी दिसले पाहिजेत."

"एवढंच ना?" शिंपीणकाकू म्हणाल्या. "तुमच्यासाठी कायपण!"

गावानं शब्द पाळला. सकाळच्या गाडीला म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, झाडून सगळ्यांनी तिकिटं काढली. मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी ऐटीत हिरवा झेंडा दाखवला. गाडी वळणाआड गेली आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की साहेब दुपारी यायचेत, तेही जीपनं.

साहेब आले तेव्हा फलाटावर एक शेळी होती.

"प्रवासी कुठायत?"

"गेले, साहेब."

"कुठे?"

"प्रवासाला. अख्खं गाव गेलं, साहेब!"

"अख्खं गाव गेलं? मग स्टेशन ठेवायचं कुणासाठी?"

संध्याकाळी गाव दमूनभागून परतलं आणि उतरल्या उतरल्या विचारू लागलं, "पाहिलं का साहेबांनी?"

स्टेशन बंद व्हायचा हुकूम आला. शेवटच्या गाडीला मास्तरांनी स्वतःचंच तिकीट फाडलं, स्वतःच ट्रंक चढवली. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तरांना रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. खिडकीतून ते करवादले, "अहो, आज तरी चढा कुणीतरी! पुढच्या स्टेशनापर्यंत तरी सोबत करा!"

शिंपीणकाकूंनी डोळे पुसत त्यांचा हात धरला.

"आलो असतो हो, मास्तर. पण सगळेच चढलो, तर तुम्हाला निरोप कोण देणार?"