धुतलेली सॅक

मित्रांनो, मी एक जुनी निळी सॅक आहे आणि आधीच सांगते, माझं डोकं फिरलेलं आहे. मालवणच्या बाजारात एका दुकानाच्या दाराशी मी लटकत होते. आचऱ्याची भार्गवी तेव्हा पाचवीत होती. तिनं मला पाहिलं आणि हट्टच धरला. सुरुवातीला माझे काय लाड! माझ्या एकेका कप्प्याला तिनं नाव दिलं होतं. आता ती नववीत आहे.

मधल्या वर्षांत माझ्या पोटात काय काय साठलं ते विचारू नका. टोपणं हरवलेली पेनं, बुरशी आलेले घावणे, चार पानं लिहून सोडलेल्या वह्या. आणि पूर्ण केलेला गृहपाठ! रडतरडत तो ती पूर्ण करायची आणि वर्गात द्यायलाच विसरायची. गृहपाठ माझ्या पोटात आणि ही वर्गाबाहेर उभी. मी नुसती चरफडायचे, पण सॅकला तोंड कुठलं? घरी तिचे बाबा गुरुप्रसाद मला अंगणात उपडी करायचे. "आळशी आसा नुसती!" म्हणून ओरडायचे. ओरडा तिला, आपटणं मला.

शेवटी शाळेतल्या बाईंनीच सुचवलं. हा आळस नसेल, एडीएचडी असेल. तिचं लक्ष टिकत नाही, एकदा तपासून घ्या. बाबा तयार झाले, पण अट घालून. डॉक्टरांना काही सापडलं नाही, तर पुढच्या जूनला भार्गवीची रवानगी कोल्हापूरच्या हॉस्टेलात. त्या दिवसापासून पोरीचं जेवणावरचं लक्षही उडालं.

आता डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी तिची आई शर्मिला हिनं काय केलं ते ऐका. तिनं मला रिकामी केली, साबणानं घासली, उन्हात वाळवली आणि वह्यांना नवी कव्हरं घालून ओळीनं भरली. का, तर लोकांसमोर लाज नको! अहो, आपण लग्नाला चाललो होतो का?

कुडाळच्या दवाखान्यात बाबांची नजर मशीन शोधत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, ह्याला रक्त तपासून किंवा मशीन लावून उपयोग नाही, विचारूनच कळतं. मग त्या विचारत राहिल्या. झोप लागते का? कानांचा, डोळ्यांचा काही त्रास? हे लहानपणापासून आहे का? शाळेत होतं तसंच घरीही होतं का? आईनं ठेवणीतली शुद्ध मराठी काढली.

"नाही हो, घरी अगदी व्यवस्थित असते. सगळं वेळच्या वेळी करते."

भार्गवीनं तोंड उघडलं, तर आईनं तिचा हात दाबला. डॉक्टरबाईंनी मला उघडून पाहिलं. आत सगळं जागच्या जागी, वर साबणाचा वास. असा संताप आला म्हणून सांगू!

"मी शाळेशी बोलेनच," त्या म्हणाल्या, "पण घरी काहीच अडचण नसेल, तर एडीएचडी म्हणता येणार नाही."

बाहेर येताच बाबा म्हणाले, "मी सांगा होतंय मां? आळसच तो. आता हॉस्टेल."

भार्गवी मान खाली घालून चालू लागली. तिघंही फाटकापर्यंत पोचली आणि मी दवाखान्यातल्या बाकावरच विसरलेली! आई धावत परत आली. नेहमीसारखं तिनंच मला खांद्याला लावलं, दोन पावलं गेली आणि थांबली. मग वळली आणि दार ढकलून थेट आत शिरली. शुद्ध मराठी बाहेरच राहिली.

"डॉक्टरांनू, मी खोटा सांगलंय. चेडवाच्या ध्यानात कायच रवना नाय. बालवाडीपासून असाच आसा. मीच मागसून सगळा गोळा करतंय. ही सॅक पण मीच काल धुतलंय."

एवढं बोलून ती मला पोटाशी धरून रडायला लागली. डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे केली. "बसा. पहिल्यापासून सांगा. आणि बाबांनाही आत बोलवा."

निकाल अजून लागलेला नाही, मित्रांनो. शाळेचं म्हणणं यायचं आहे, आम्हाला पुन्हा जायचं आहे. तोवर माझी एकच विनंती आहे. तुमच्यापैकी कुणाला असं तपासायला नेलंच, तर घरातून निघण्याआधी आईला सांगा, माझी सॅक आहे तशीच घे.