अष्टप्रहरीचे दिवे

अष्टप्रहरीची सांगता झाली, खिचडीचा प्रसाद वाटून झाला आणि म्हातारे कीर्तनकार बैरागी जेना समुद्रावर आंघोळीला निघाले. गळा पार बसला होता, मन मात्र तुडुंब. आठ प्रहर नाम एकदाही तुटलं नव्हतं. अशा वेळी वाटतं, जगन्नाथ शेजारीच बसून झांज वाजवतो आहे.

मंडपामागे वाळूत मुलं मान खाली घालून उभी होती. पंचायतीचे लोकनाथबाबू त्यांच्यावर कडाडत होते.

"पिल्लांची राखण करता म्हणे! झोपलात ना खुशाल? बघा आता, डोळे उघडून बघा!"

मंडपापासून सडकेपर्यंत कासवाची पिल्लं मरून पडली होती. काही सायकलींखाली चिरडलेली, काही कावळ्यांनी उलथवलेली. एकाचंही तोंड समुद्राकडे नव्हतं. सगळी दिव्यांकडे निघाली होती.

बैरागी वाटेतच थांबले.

अंड्यातून निघालेलं पिल्लू जिथे उजेड दिसेल तिथे धावतं, हे या मुलांना त्यांनीच शिकवलं होतं. शाळा सुटल्यावर भागवत टुंगीत, गावाच्या पोथी वाचायच्या झोपडीत बसवून, कूर्मावतार गाऊन गाऊन शिकवलं होतं. 'मंदार पर्वत पाठीवर पेलणारा तो, आणि त्याची लेकरं बघा, बोटाएवढी. त्यांना समुद्राची चमक दिसायची तर आपला दिवा आपण विझवायचा.' तेव्हापासून चैत्र लागला की मुलं तिन्हीसांजेला दारोदार दिवे बंद करायला सांगत फिरायची. म्हाताऱ्या हसायच्या, "आली गं बाई बैराग्याची अंधारसेना! आता भात काय नाकात घालायचा?" पण उठून दिवा मालवायच्या.

अष्टप्रहरी दरवर्षी देवळाच्या अंगणात व्हायची, यंदा ते खणलेलं. मंडप वाळूच्या कडेला घालू, पिल्लं निघायला अजून अवकाश आहे, असं बैरागीच म्हणाले होते. मोठाले दिवेही त्यांनीच मागवले.

आणि काल संध्याकाळी झिली आली होती. शेजारच्या कोळ्याची ही पोर, त्यांना अजा म्हणजे आजोबा म्हणणारी. गर्दीतून वाट काढत येऊन तिने त्यांचं उपरणं ओढलं होतं.

"अजा, पिल्लं निघाली! दिवे बंद करायला सांगा ना!"

नाम तेव्हा रंगात आलं होतं. बायाबापड्या डोलत होत्या, मृदंगवाल्याचे डोळे मिटले होते. बैरागींनी गाता गाता तिला तळहात दाखवला. थांब. नाम तोडायचं नसतं हे खरं. पण ते तोडायला कोण सांगत होतं? दिवेवाल्याला नुसती मान हलवून खूण केली असती तरी भागलं असतं. अखंड ज्योत होतीच देवापुढे. पण अंधार झाला तर माणसं उठून जातील, रंग मोडेल, असं त्यांच्या मनात आलं. मग पुढचं पद आलं आणि झिली त्यांच्या ध्यानातूनच गेली.

"बोल की गं! तू मुख्य ना यांची?" लोकनाथबाबू झिलीला म्हणाले. "उद्यापासून हा पोरखेळ बंद. वनखात्याची माणसं बघतील काय ते."

झिलीने एकदा बैरागींकडे पाहिलं आणि खालचा ओठ दातात धरला. तिच्या फ्रॉकचा घेर वाळूने भरला होता. त्यात पिल्लं घालून रात्री किती खेपा केल्या असतील, कोण जाणे.

"लोकनाथ, पोरांना बोलू नकोस," बैरागी म्हणाले. "ही आली होती मला सांगायला. मीच थांबवलं तिला."

लोकनाथबाबू क्षणभर गोंधळले, मग एकदम मऊ झाले. "अहो जेनाबाबू, मग ठीक आहे. तुम्ही काय, देवाच्या कामात होतात!"

"आणि आम्ही कोणाच्या कामात होतो?" झिली म्हणाली.

लोकनाथबाबू घसा खाकरत मंडपाकडे वळले.

बैरागी खाली बसले. उपरण्यात एकेक पिल्लू उचलून ठेवू लागले. टुकुना नावाच्या बारक्या पोराने आपली बादली उचलली आणि दूर जाऊन वेचू लागला. त्यांच्याजवळ कुणीच आलं नाही. बैरागींना ते रास्त वाटलं.

उपरणं जड झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "झिली, वाळूत अजून अंडी आहेत ना? आज मी येऊ राखणीला?"

तिने फ्रॉकच्या घेरातली वाळू झटकली.

"या," ती म्हणाली. "पण गाऊ नका, अजा. गायला लागलात की तुम्हाला आमचं ऐकू येत नाही."