कलम अकरा

“कलम अकरा निघणार नाही,” मी फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं.

“फुफी, ऐक ना जरा,” तिकडून अरीब म्हणाला. “फुजैल रोज भांडतोय. त्याचा गोलकीपर रिटायर झाला. आता तो खेळणारच नाय, तर त्याच्या अकरा पेट्या कशाला अडकवून ठेवायच्या?”

“करार केला तेव्हा तो अडतीसचा होता. तेव्हा फुजैलला दिसत नव्हतं?”

अरीब माझ्या भावाचा मुलगा. टोरांटोला असतो. तिथे बर्फावर हॉकी खेळतात. ती मी जन्मात पाहिलेली नाही आणि खरं सांगायचं तर पाहायची हौसही नाही. पण तिचे नियम मला पाठ आहेत, कारण मराठीत ते मी आणले. गेल्या वर्षी, म्हणजे २००५ साली, अरीबने दोस्तांबरोबर कागदावरची लीग काढली. दहाच्या दहा जण आमच्या राजिवडा मोहल्ल्यातले. कोणी दुबईत, कोणी कुवेतला, कोणी बोटीवर. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडायचा. ते तिकडे गोल करतील तसे इकडे गुण. एरवी ही पोरं एकमेकांना ईदेपुरतीच आठवायची. आता रोज भांडतात, ते बरं.

तिकडच्या खऱ्या हॉकीत त्याच वर्षी पगाराला मर्यादा आली. संघाचा मालक कितीही गब्बर असो, सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून ठरलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नयेत. अरीबने तो जाडजूड करार मला पाठवला. “तू वकिलाकडची टायपिस्ट, तूच याचं काहीतरी कर.” मी डॉलर काढून टाकले आणि हापूसच्या पेट्या घातल्या. प्रत्येक संघाला शंभर पेट्या. दुबईतल्या मॅनेजरलाही शंभर, बोटीवरच्या खलाशालाही शंभर. चारशेवर पानांचं ते बाड मी नऊ पानांत बसवलं, ‘सबब’ आणि ‘उपरोक्त’ यांच्यासकट.

कलम अकरा मात्र होतं तसंच ठेवलं. पस्तीस ओलांडलेल्या खेळाडूशी कोणी दोन-तीन वर्षांचा करार केला आणि तो मध्येच थांबला, तरी करार संपेपर्यंत त्याचा पगार त्याच संघाच्या मर्यादेत धरायचा. जुन्या माणसाला घेताना विचार करा. एकदा घेतलात की तो तुमचा. अरीब म्हणतो, करार उगाच लांबवून दरवर्षीचा पगार कमी दाखवायची लबाडी रोखायला केलेला नियम आहे तो. असेल. मला आवडला.

“मग मतदान घेतो,” अरीब म्हणाला.

“खुशाल घे.”

दुसऱ्या दिवशी सोमवार. दहाला ऑफिसात पोचले, मशीनवरचं कव्हर काढलं, तोच महिपत वकिलांनी आत बोलावण्याऐवजी स्वतः बाहेर येऊन समोर खुर्ची घेतली. आप्पा वकिलांचा हा मुलगा. मी इथे लागले तेव्हा जन्मलाही नव्हता. शाळेत होता तोवर मला मावशी म्हणायचा. अंगावर काळा कोट चढला आणि मी बाई झाले.

“मरियमबाई, एक पत्र घ्या.”

मी कागद, कार्बन, कागद चढवले.

“‘मी, मरियम दाऊद मुकादम, गेली एकतीस वर्षे आपल्या कार्यालयात टंकलेखक म्हणून काम करीत असून...’”

बोटं सवयीने चालत होती.

“‘वयोमानामुळे यापुढे काम करणे शक्य नसल्याने...’”

तेही टाइप झालं.

“‘स्वखुशीने काम सोडीत आहे.’”

मी हात मांडीवर घेतले. संताप असा आला की कान तापले. काढायचं तर काढा, पण माझ्याच बोटांनी?

“हे कोणी ठरवलं?”

“कॉम्प्युटर येतोय. तुम्हाला उगाच दगदग नको. आणि बाई, तुमच्याशी तसा करार कधी नव्हताच.”

खरं होतं. भाडेकरार, भागीदारीचे करार, साठेखतं... तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे करार माझ्या हातून गेले. स्वतःसाठी मी एक ओळ टाइप केली नाही. मूर्खपणा माझाच.

“आप्पा गेले तेव्हा मी निघत होते,” मी म्हणाले. “एक्कावन्न वर्षांची होते. ‘फायली तुम्हालाच माहीत, तुम्ही आहात म्हणून निभेल,’ असं म्हणून तुम्ही थांबवून घेतलंत. तेव्हा माझं वय दिसत नव्हतं?”

महिपतने घड्याळ पाहिलं. “पत्र पुरं करा.”

पुरं केलं. ‘वयोमानामुळे’पासून पुढे सगळं मशीनवरच फुल्या मारून खोडलं आणि खाली लिहिलं: ‘मी काम सोडीत नाही. मला काढावयाचे असल्यास तसे मालकांनी स्वतःच्या सहीने लिहून द्यावे.’ सही केली. वरची प्रत त्याच्या पुढ्यात ठेवली, कार्बनची माझ्या पिशवीत.

वाचता वाचता त्याचा चेहरा लाल झाला. “उद्यापासून येऊ नका.”

“लिहून द्या.”

त्याने लिहून दिलं नाही. वकीलच तो.

संध्याकाळी अरीबचा फोन आला. “पाच-पाच मतं पडली, फुफी. आता तुझं मत सांग.”

“मी कुठे तुमच्या लीगमध्ये?”

“असं काय करतेस? कागद तुझा हाय. तुझ्याशिवाय लीग कसली?”

मला एकदम रडू आलं. फोनवर त्याला कळू दिलं नाही. म्हटलं, “कलम राहील. फुजैलला सांग, म्हातारा त्यानेच आणलाय, त्यानेच सांभाळायचा.”

मंगळवारी मी दहाला ऑफिसात. दार उघडं होतं, माझी खुर्ची होती, टेबल होतं. मशीन उचललेलं होतं. लाकडावर त्याच्या चार पायांचे खळगे तेवढे राहिले होते. मी रुमालाने टेबल पुसलं आणि बसले. महिपतने केबिनच्या दारातून पाहिलं, काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात पावस गावची येसूबाई आत आली. सातबाऱ्याच्या भानगडीसाठी ती वर्षभर खेपा घालत होती. तिला पाहून तो केबिनमध्ये परत गेला.

“बाय, तलाठ्याला अर्ज द्यायचाय,” येसूबाई म्हणाली. मग टेबलाकडे पाहून थबकली. “मशीन कुठं गेलं गो तुजं?”

“मशीन गेलं. मी आहे. बस.”

खणातून दोन कोरे कागद काढले, मधे कार्बन घातला, कडा जुळवल्या. हाताने अर्ज लिहून मला तीस वर्षं झाली असतील. मी पेन जोर देऊन धरलं. खालच्या प्रतीवरही अक्षर नीट उमटायला हवं होतं.