दारावरची दोरी

"बाळाचं अंग फार तापलंय हो," ओकबुन म्हणाली, तेव्हा सासू खेकसली, "जमिनीखाली चूल पेटवून खोली तापवलीय, मग अंग गार कसं राहील? काल बाळंतीण झालीस नि आज मला शिकवतेस?"

बाळाने दूध सोडलं. टाळू फुगली. बाळंतिणीला तपासायला नर्सबाई आल्या, तर सासूने मुलगा झाल्याची खूण म्हणून दारावर बांधलेली मिरच्या-कोळशाची दोरी दाखवली. "नातू झालाय. तीन आठवडे परकं माणूस आत येत नाही." बाई आल्या पावली परतल्या. ओकबुनने आतून सगळं ऐकलं, पण हाक मारायचा तिला धीर झाला नाही.

बाळाला झटके आले, तेव्हा कुठे इस्पितळ गाठलं.

"मेंदूच्या आवरणात जंतू शिरले होते. अँटिबायोटिकने ते मेले, बाळ जगेल," डॉक्टर म्हणाले. "पण फार उशीर केलात. त्याला दिसणार नाही, ऐकूही येणार नाही."

घरी आले तोवर तीन आठवडे उलटले होते; सासूने दोरी सोडली. रिवाजाप्रमाणे शेजारणी बाळ बघायला आल्या. एकीने खुळखुळा वाजवला. "अरे लबाडा, बघ की इकडे!"

"झोपलाय तो," सासू घाईने म्हणाली.

बाळाचे डोळे टक्क उघडे होते.