माझ्या खणांत आकडे राहायचे

मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. धाराशिवजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर, भिंतीला पाठ टेकून उभी आहे. मित्रांनो, माझ्या अंगभर खण आहेत, खाली मोठे आणि वर लहान. दुपारी व्हरांड्यातलं ऊन माझ्या पायांशी आलं की मला डुलकी लागते. लाकडाला झोप येत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एखाद्या वैशाखात आमच्याकडे येऊन दुपारभर उभं राहून बघावं. डोळा लागला की माझ्या खणांतून आकडे उठतात आणि या खणातून त्या खणात चालू लागतात. मग कुणीतरी वही आपटतं आणि मी जागी होते.

मी मूळची आंब्याची. बेंबळीच्या शिवारात ओढ्याकडेला ते झाड होतं. बहात्तरच्या दुष्काळात ओढ्याची वाळू तापून पांढरी झाली आणि झाड उभ्यानं वाळलं. हणमंतप्पा सुतारानं ते कापलं, तेव्हा त्याच्या करवतीला ओल म्हणून लागली नाही. रंधा मारताना तो फळीशी पुटपुटत होता, "लई सोसलंस ग बाई. आता सावलीत ऱ्हाशील." त्याचं म्हणणं खरं झालं. त्यानंतर मी ऊन पाहिलं ते लांबूनच.

गावच्या सहकारी सोसायटीत मला उभं केलं. कुणाला ज्वारीचं बियाणं द्यायचं, कुणाला खत, त्याच्या चिठ्ठ्या माझ्या खणांत राहायच्या. मृगाच्या आधी माझ्यासमोर ही गर्दी असे. माणसं घामानं निथळत, पण आभाळाकडे बघून हसत. पुढे सोसायटीत लोखंडी कपाट आलं. त्याला कुलूप होतं, आरसा होता, मग माझ्याकडे कोण बघतो! खताच्या रिकाम्या गोण्यांमागे मी पडून राहिले. तिथेच मला झोपायची सवय लागली, ती आजतागायत सुटलेली नाही.

जिल्ह्यात इंजिनिअरिंग कॉलेज निघालं तेव्हा गावोगावच्या सोसायट्यांनी बाकं दिली, टेबलं दिली, कुणी घंटा दिली. आमच्या सोसायटीनं मला दिलं. अडगळही गेली आणि दानही झालं! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, धूळ खात, मी उच्च शिक्षणाला निघाले.

कॉलेजात सगळं होतं, फक्त कॉम्प्युटर नव्हता. तो "येणार" होता. प्राचार्य म्हणत, दिवाळीला येणार. दिवाळी झाली की म्हणत, पाडव्याला. परीक्षेला मात्र प्रोग्रॅमिंगचा विषय होताच. तो शिकवायला चंद्रप्रभा मॅडम आल्या होत्या, तुळजापूरच्या विष्णुपंत मास्तरांची लेक. पुण्याला शिकताना त्यांनी खरा कॉम्प्युटर पाहिला होता. इथे त्यांच्या हाती एक फळा आणि खडू. पोरं फळ्यावरचं उतरवून घेत आणि नजर खिडकीबाहेर लावत. मला तर आल्या आल्या कोठीच्या खोलीत टाकलं होतं. एके दिवशी मॅडम तिथे खडू आणायला आल्या आणि मला बघून उभ्याच राहिल्या. मग पदरानं माझा एक खण पुसला आणि स्वतःशीच हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात होते. माझ्या एकेका खणावर खडूनं एकेक इंग्रजी अक्षर लिहिलेलं होतं.

"ही कॉम्प्युटरची स्मृती," मॅडम म्हणाल्या. "एका खणात एकच आकडा राहतो. नवी चिठ्ठी ठेवायची तर जुनी काढून टाकायची. आकडा नुसता वाचायचा असेल तर चिठ्ठी हलवायची नाही. बघायची आणि तिथेच ठेवायची."

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, एस बरोबर एस अधिक एन. शेवटच्या बाकावरचा रामलिंग उठला. कळंबच्या अडत्याचा मुलगा, हिशेबाला पक्का. "मॅडम, हे गणित चुकलं बघा. पाच म्हंजी पाच अधिक एक, असं कुठं असतंय का?"

"हे गणित नाही, रामलिंग, हे काम आहे," मॅडम म्हणाल्या. "एसच्या खणातला आकडा वाच, त्यात एनमधला मिळव, आणि जे येईल ते परत एसमध्ये ठेव."

त्या दिवसापासून वर्गात मजा सुरू झाली. एकेक मुलगा पुढे येऊन कॉम्प्युटर व्हायचा. उन्हाळ्यात टँकरपुढे लागलेल्या घागरी मोजायच्या, एकेकीची बेरीज करत जायची, हा मॅडमचा आवडता प्रश्न. पोरं चिठ्ठी वाचायची, बेरीज करायची, जुनी चिठ्ठी चुरगळून टोपलीत, नवी खणात. माझ्या पोटातून आकडे फिरायचे आणि मला गुदगुल्या व्हायच्या. मित्रांनो, खरं सांगते, इतकं सुख मला सोसायटीतही मिळालं नव्हतं. मला वाटायचं, आपल्यालाही थोडा विचार करता येतोय.

एकाच मुलाचं गाडं अडलं होतं. त्याचं नाव बलभीम. बेंबळीच्या बौद्धवाड्यातला, अंगानं बारीक, गणितात हुशार. हा विषय मात्र त्याला सुटेना. पहिल्या खेपेला तो नापास झाला होता. या खेपेला राहिला तर शिष्यवृत्ती बंद होणार आणि घरी परत जाणं आलं, हे साऱ्या वर्गाला माहीत होतं. घराण्यात दहावीपुढे गेलेला तो पहिलाच.

बलभीम माझ्यापुढे आला की आकडा बरोबर वाचायचा, बेरीज बरोबर करायचा, आणि नवी चिठ्ठी जुनीवर ठेवायचा. खणात चिठ्ठ्यांचा गठ्ठा व्हायचा. पुढच्याला कळायचं नाही की खरा आकडा कोणता. कागदावरही तेच. प्रत्येक बेरजेला तो नवं अक्षर द्यायचा, आणि अक्षरं संपली की प्रोग्रॅम अडायचा. मॅडमनी समजावलं, मग रागावल्या. पोरं हसली. बलभीमनं मान खाली घातली आणि खणातली जुनी चिठ्ठी काढली. ती टोपलीत मात्र गेली नाही, हळूच खिशात गेली. ते फक्त मी पाहिलं.

परीक्षा तोंडावर आली. एका दुपारी वर्ग रिकामा असताना तो एकटाच माझ्यासमोर सराव करत होता. खण, चिठ्ठी, खिसा. खण, चिठ्ठी, खिसा. मॅडम दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते त्याला कळलंच नाही.

"खिशात काय आहे रे?"

तो दचकला. मग दोन्ही खिसे त्यानं बाकावर उलटे केले. वर्षभरातल्या जुन्या चिठ्ठ्या. मॅडम रागावतील असं मला वाटलं. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "टाकवत नाहीत का?"

बलभीमनं चिठ्ठ्या बाकावर नीट सारख्या केल्या. मग बोलला. "मॅडम, बहात्तरला माय खडी फोडायच्या कामावर होती. तिथं चिठ्ठी दावली की खायला सुकडी मिळायची. एकदा मायला नवी चिठ्ठी मिळाली, म्हणून तिनं जुनी चुलीत घातली. दुसऱ्या दिशी मुकादम म्हणला, जुनी दाव. कुठनं दावणार? आमी दोघं भावंडं उपाशीच रडून रडून झोपलो. तवापासून माय म्हणती, जुनी चिठ्ठी टाकायची न्हाय, कायबी झालं तरी. म्या टाकाय गेलो की हातच उचलत न्हाय."

मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. चष्मा तर स्वच्छच होता. मलाही तेव्हा फार वाईट वाटलं. हसलेल्या पोरांच्या अंगावर पडावं असं वाटलं, पण मी पडले तर मोडणार मीच.

"बलभीम," मॅडम शेवटी म्हणाल्या, "तुझी माय चुकली नव्हती, तूही चुकत नाहीस. पण खणात जागा एकाचीच आहे. मग असं कर, टाकायच्या आधी जुना आकडा मोठ्यानं वाच. यंत्रालाही तसं सांगता येतं. आधी कागदावर लिहून दाखव, मगच बदल."

"मग जुनं गेलं न्हाय म्हणायचं?"

"खणातून गेलं. कागदावर राहिलं."

बलभीमनं एक चिठ्ठी उचलली. "तेरा," तो मोठ्यानं म्हणाला, आणि ती टोपलीत टाकली. मग पुढची. रिकाम्या वर्गात त्याचा आवाज घुमत राहिला आणि मला त्यातच गुंगी आली. किती दिवसांनी माझे खण इतके हलके झाले होते.

परीक्षेला बाहेरगावहून महालिंगप्पा सर आले. जाड भिंगांचा चष्मा, आवाज खर्जातला. "कॉम्प्युटर नाही, तर प्रात्यक्षिक कशावर घेऊ?" त्यांनी विचारलं. मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. सरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी शक्य तितकी ताठ उभी राहिले.

सरांनी फळ्यावर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तोच घागरींचा. एकेक मुलगा आत येई, प्रोग्रॅमप्रमाणे चिठ्ठ्या फिरवी, उत्तर सांगे आणि जाई. सर काहीच बोलत नसत, नुसती मान हलवत. ती मान होकाराची की नकाराची, हे मॅडमनाही कळत नव्हतं. रामलिंग तर झपाझप बेरीज करून, हात झटकून गेला.

बलभीम आला. त्याच्या कपाळावर घाम होता. त्यानं एसच्या खणात हात घातला आणि थांबला. मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. झालं, पुन्हा हात अडला, असंच मला वाटलं.

"सत्तावीस," तो मोठ्यानं म्हणाला.

"काय सत्तावीस?" सर म्हणाले. "अजून पहिली घागरसुद्धा मोजली नाहीस तू."

"तेच म्हणतोय सर. म्या बदलायच्या आधी जुनं वाचतो. हितं आधीच्याचं काईतरी राहिलंय. ह्याच्यावर बेरीज केली तर टँकरम्होरं नसलेल्या घागरी येतील. सुरुवातीला एसमधी शून्य ठेवायची ओळच न्हाय फळ्यावर."

 महालिंगप्पा सरांनी चष्मा वर केला. ती ओळ त्यांनी मुद्दाम गाळली होती आणि दर मुलाआधी खणात ती जुनी चिठ्ठीही तेच परत ठेवत होते. सकाळपासून सगळी पोरं त्या सत्तावीसवरच बेरीज करून गेली होती, कारण ती चिठ्ठी तिथे आधीपासून का, असा विचारच कुणी केला नव्हता.

"चंद्रप्रभाबाई," सर म्हणाले, "ही सवय तुम्ही लावलीत?"

"नाही सर," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या आईनं."

बलभीम पास झाला. नुसता पास नाही, त्या विषयात पहिला आला. त्या दिवशी मॅडमनी मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि प्राचार्यांसमोर माझं नाव घेतलं. एवढं कौतुक मी झेलू शकेन असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी कॉम्प्युटर आला. त्याला थंडगार खोली, काचेचं दार, पडदे. आत धूळ जायला नको म्हणून चपला बाहेर काढायचा नियम झाला. चपला ठेवायला काहीतरी हवं होतं, आणि मी होतेच. जिथे एस आणि एन राहायचे, तिथे आता मातीनं भरलेल्या स्लिपरा आल्या. सगळ्यात वरच्या खणात प्राचार्यांचे बूट. मित्रांनो, चपलांचा मला राग नाही, पण त्या काही बोलत नाहीत. मी पुन्हा झोपू लागले.

बलभीमचं शेवटचं वर्ष होतं. एक दिवस तो आपल्या आईला घेऊन आला. भिमाबाई नऊवारीत, डोक्यावर पदर, हातात भाकरीचं गठुडं. काचेच्या दारापाशी त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या.

"माय, हितं ठिव," बलभीमनं माझ्याकडे बोट केलं. मग थोडा थांबून म्हणाला, "म्या हिच्यावरच शिकलो, माय. कॉम्प्युटर तर नंतर आला."

भिमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खणांवरची पुसट अक्षरं दिसत होती, त्यांवर त्यांनी बोट फिरवलं. मग वहाणा परत पायात घातल्या.

"अन् आत जायचं न्हाय का?" बलभीमनं विचारलं.

"जाऊ की मागनं," त्या म्हणाल्या. "आधी ह्या चपला खाली काढ सगळ्या. जिनं माझ्या लेकाला शिकवलं, तिच्या डोक्यावर पाय ठिवून म्या न्हाय जायची आत."

"माय, वरचे बूट प्राचार्यांचे हायेत."

"मग पैले त्येच काढ."

मित्रांनो, तुमच्याजवळ मोठमोठी यंत्रं येतील आणि ती माझ्यापेक्षा फार हुशार असतील. त्यांना जपा. माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू दिसली तर तिलाही फडक्यानं पुसा, तेवढं पुरे. पण शिकताना शेजारच्या कुणाचा हात अडला, तर हसू नका. त्याच्या हातात काय आहे ते आधी विचारा. पोरं हसली त्या दिवशी मला तोंड नव्हतं, म्हणून मी हे बोलू शकले नाही. भिमाबाई आल्या त्या दिवशी मात्र त्यांनी माझे खण पदरानं एकेक करून पुसले आणि बलभीम चपला जमिनीवर रांगेत मांडत राहिला. आत कॉम्प्युटर त्या दोघांची वाट बघत गुणगुणत होता, आणि मला अजिबात झोप येत नव्हती.