पाना पूजेला, गाडी शर्यतीला

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि गेल्या नऊ वर्षांत मी एक फूटसुद्धा पुढे धावलेली नाही. बेंगळुरात राजाजीनगरला एका पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी असते. शेजारी कॉफी भाजायचं लोखंडी पिंप आहे. आळीतली मुलं येतात, माझ्या सीटवर चढतात आणि तोंडानं भुर्र करतात. त्यांना वाटतं, मी बिघडलेली आहे. ते खरंच आहे. पण मी कशी बिघडले याबद्दल गावभर जे सांगितलं गेलं, ते खोटं होतं. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म विलायतेतला, बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यातला. पाचशे सीसी, सिलिंडर एकच, पण भरभक्कम. तेव्हा महायुद्ध चालू होतं. मला लष्करी हिरवा रंग फासला, पेटीत घातलं आणि बोटीनं इकडे धाडलं. बेंगळूरच्या छावणीत मी टपाल वाहिलं. युद्ध संपलं तशी मी नकोशी झाले. पुढे सात वर्षं छावणीच्या गुदामात धूळ खात पडले आणि त्रेपन्न साली लिलावात निघाले. तिथं मला जयसिंगरावांनी घेतलं.

जयसिंगराव म्हणजे मोटारी दुरुस्त करणारे मेस्त्री. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोडदळाबरोबर इकडे आले आणि इथंच राहिले. घरात मराठी, दारात कन्नड. घोडे गेले, तलवारी गेल्या, पण जयसिंगरावांच्या मिशीतला पीळ काही गेला नव्हता. हातात मात्र सोनं होतं. त्यांनी माझा एकेक नट सोडवला, धुतला, पुसला आणि मला पुन्हा उभं केलं. पहिल्या किकला मी सुरू झाले तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, "सरी, झालं ठीक. आता हिला पळवायची."

त्या काळी शहराबाहेर विमानांची एक ओस पडलेली धावपट्टी होती. सुट्टीच्या दिवशी हौशी लोक तिथं गाड्या घेऊन जमत. शर्यत सरळ पाव मैलाची. दोन गाड्या शेजारी उभ्या राहायच्या, निशाण खाली पडलं की सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. सगळा खेळ चौदा-पंधरा सेकंदांचा! पण त्या सेकंदांसाठी जयसिंगराव आठवडाभर माझ्यापुढे बसलेले असत.

ते काय करत, ते सोपं करून सांगते. माझ्या पोटात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण येतं आणि त्यावर ठिणगी पडते. पेट्रोल जास्त झालं तर मी काळा धूर सोडते आणि सुस्तावते. कमी झालं तर नको तितकी तापते. किती पेट्रोल यायचं, ते जेट नावाचं एक चिमुकलं पितळी बोंड ठरवतं. त्याला सुईच्या अग्राएवढं भोक असतं. ठिणगीची वेळही तशीच नाजूक. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ती पडावी लागते. उशिरा पडली तर जोर वाया जातो. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा ठोसा बसतो आणि आतून टिणटिण असा आवाज येतो. आमचं ओरडणं ते तेवढंच.

ही वेळ बसवायला जयसिंगरावांपाशी कसलं यंत्र नव्हतं. प्लगच्या भोकातून ते सायकलची तार आत सोडत आणि पिस्टन कुठवर आला ते तारेवरच्या खुणेनं ओळखत. मग ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरत. कागद जिथं अलगद सुटला, ती ठिणगीची वेळ. त्या कागदासाठी ते अख्खी सिगारेट विकत घेत आणि तंबाखू झाडून टाकत. विड्या ओढणारे शेजारी हे पाहून हळहळत.

आणि परीक्षा घ्यायच्या सोयराबाई. त्या जयसिंगरावांच्या पत्नी. घरी कॉफी भाजून, दळून विकत. बी किती भाजली, हे त्यांना रंगावरून नेमकं कळायचं. शर्यतीहून आलं की जयसिंगराव माझा प्लग काढून त्यांच्यापुढे धरत. "काळा आहे. करपला," असं त्या म्हणाल्या की जेट लहान व्हायचा. "पांढरा पडलाय. मला हे बरं दिसत नाही," म्हणाल्या की मोठा. प्लग भाजलेल्या बियांच्या रंगाचा निघाला की त्या मान डोलवत आणि आत निघून जात. दोघांची ती कामाची पद्धत पाहताना मला फार बरं वाटे.

मला पळवायचा तो सोयराबाईंचा धाकटा भाऊ नागोजी. आईवडील लवकर गेले, म्हणून त्यांनीच त्याला वाढवलेला. चिकपेठेत एका शिंप्याकडे तो कापड बेतायचं काम करी. अंगानं हलका, हातानं हुशार. कात्री चालवावी तसाच तो क्लच सोडायचा, कुठं ओढाताण नाही. छप्पन ते एकोणसाठ अशी तीन वर्षं आम्ही त्या धावपट्टीवर क्वचितच हरलो. लोक माझ्या टाकीवर थाप मारून जात. मी फुगून गेले होते, हे कबूल करायला हवं.

मग एकोणसाठ साली मद्रासजवळच्या एका मोठ्या शर्यतीचं बोलावणं आलं. ती होती नेमकी दसऱ्याच्या दिवशी. सोयराबाईंच्या मनात नव्हतं. शेवटी त्या जयसिंगरावांना म्हणाल्या, "नागोजीला जसा नेताय तसाच मला परत आणून द्या. मला कप नको, काही नको."

"शब्द दिला," जयसिंगराव म्हणाले.

मित्रांनो, दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जयसिंगरावांच्या घरी तलवार उरली नव्हती, म्हणून पाने, पकडी, हातोड्या, कानशी देवीपुढे मांडत. निरनिराळे जेट ठेवलेली तपकिरीची जुनी डबीसुद्धा त्यात असे. हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्या हत्यारांना कुणी हात लावायचा नाही, हा घरचा नियम. मलाही झेंडूचा हार घातला, चाकापुढे कोहळा फोडला. दुपारी यशवंतपूरच्या बाजारातून गुळाच्या ढेपा घेऊन एक लॉरी मद्रासला निघाली होती. तिच्यावर मला चढवलं.

सोयराबाई लॉरीपर्यंत आल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, पान्यांची पेटी तरी घ्या. देवीला मी सांगते. ती काही रागवायची नाही."

"पूजेतलं हत्यार उठवायचं नाही. तीनशे वर्षं कुणी उठवलं नाही," जयसिंगराव म्हणाले. "आणि हिला आता हात लावायची गरजच काय? केसाएवढाही फरक नाही ठेवला मी."

ते खरंच होतं. बेंगळुरात केसाएवढाही फरक नव्हता. पण बेंगळूर समुद्रापासून तीन हजार फूट उंच आहे आणि मद्रास समुद्राच्या काठी. वरची हवा विरळ, तिला पेट्रोल थोडं पुरतं. खालची हवा दाट, तिला जास्त लागतं. म्हणजे खाली उतरलं की जेट मोठा घालायचा आणि ठिणगीची वेळ थोडी मागे घ्यायची, म्हणजे ती जरा उशिरा पाडायची. हे जयसिंगरावांनी ऐकलेलं होतं. मला घेऊन घाट मात्र ते पहिल्यांदाच उतरत होते.

सकाळी शर्यतीच्या जागी मला सुरू केलं तेव्हा मद्रासकडचा एक म्हातारा मेस्त्री जवळ आला. कान देऊन ऐकत उभा राहिला. मग मोडक्या कन्नडात म्हणाला, "तुम्ही वरून आलात. इथली हवा जड आहे. मोठा जेट घाला, टायमिंग मागं घ्या. सामान नसेल तर माझं घ्या, सार." आणि त्यानं स्वतःची पेटी उघडून पुढे केली.

जयसिंगरावांनी त्याला हात जोडले. "उपकार झाले. पण पूजा उतरल्याशिवाय आज मी पाना धरत नाही."

म्हाताऱ्यानं माझ्या हाराकडे पाहिलं आणि पेटी मिटून तो निघून गेला.

नागोजीला जयसिंगरावांनी एवढंच सांगितलं, "लिव्हर पूर्ण पुढं ठेव." माझ्या हँडलवर डाव्या अंगठ्यापाशी एक छोटी लिव्हर आहे. ती मागे ओढली की ठिणगी उशिरा पडते. शर्यतीत ती पुढेच ठेवायची असते.

पहिली धाव जिंकली. दुसरी जिंकली. आता एक गोष्ट सांगते, तिची मला आजही लाज वाटते. त्या दिवशी मी जितकी सुसाट धावले तितकी कधीच धावले नव्हते. दाट हवा छातीत भरत होती आणि अंगात नुसता जोर संचारला होता. माझ्या पोटातून टिणटिण येत होती, पिस्टनचा माथा भाजत होता आणि तरी मला आनंद होत होता. लोक टाळ्या वाजवत होते. प्लग काढून पाहिला असता तर सगळं कळलं असतं, पण प्लगचा पाना देवीपुढे होता आणि रंग ओळखणारी बाईही तिथंच होती.

शेवटच्या धावेत आम्ही दोन हात पुढे होतो. तीन चतुर्थांश अंतर कापलं आणि माझ्या पिस्टनला भोक पडलं. वितळलेला धातू सिलिंडरला चिकटला आणि मी आतून गच्च बसले. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. ऐंशी मैलांच्या वेगात मी आडवी झाले. नागोजीचा उजवा हात हँडलखाली सापडला आणि माझ्याबरोबर जमिनीवरून फरफटत गेला.

तो जगला. पण उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत. कात्री सुटली ती कायमचीच. आज तो त्याच पेठेत बटणं आणि दोरे विकतो.

बेंगळुरात जो तो विचारायचा, "काय झालं हो?" जयसिंगराव सांगत, "पिस्टनच खोटा निघाला. युद्धातला माल, शेवटी दगा दिलाच." नागोजीही मान हलवायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही अशी. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत असे. मला उलट बोलता येत नाही.

एकदा घरात कुणी नसताना सोयराबाईंनी स्वतः पाना घेतला आणि माझा प्लग काढला. तो खडूसारखा पांढराफटक होता. त्यांनी तो पदरात धरला आणि जयसिंगराव येईपर्यंत माझ्याजवळच बसून राहिल्या.

"हत्यार उचलायचं नव्हतं, तर गाडी तरी का पळवलीत?" त्या म्हणाल्या. "हार तिलाही घातला होता ना?"

"नागोजीला सांगा," एवढंच म्हणून सोयराबाई उठल्या. जयसिंगरावांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी मेस्त्रीपण सोडलं आणि एका कारखान्यात कामाला लागले. नागोजी सणावाराला येई. दोघं समोरासमोर बसून कॉफी पीत आणि पाऊसपाण्याचं बोलत.

गेल्या महिन्यात यशवंतपूरचा भंगारवाला मल्लाप्पा मला पाहायला आला. नागोजीही आलेला होता. जयसिंगरावांनी त्याला विचारलं, "देऊन टाकू?"

"द्या भावजी," नागोजी म्हणाला. "हिनंच माझा हात घेतला."

जयसिंगरावांनी माझ्या टाकीवर हात ठेवला. मग म्हणाले, "हिनं नाही. मी घेतला. तो मद्रासचा म्हातारा जेट देत होता. मी घेतला नाही. पाना धरणार नाही म्हणालो. नऊ वर्षं तुला खोटं सांगतोय."

नागोजी खाली बसला. मल्लाप्पाला काही कळेना, तो हळूच बाहेर गेला. दारात सोयराबाई उभ्या होत्या.

"मला ऐकू येत होती, भावजी," नागोजी म्हणाला. "ती टिणटिण. पहिल्या धावेपासून. लिव्हर माझ्या अंगठ्याखाली होती. तिला पाना लागत नव्हता. स्वल्प मागं ओढली असती तरी पुरे होतं. पण पुढं होतो ना आपण!"

सोयराबाईंनी तोंडाला पदर लावला. "नऊ वर्षं," त्या म्हणाल्या, "नऊ वर्षं दोघं एकमेकांसमोर बसून माझ्या हातची कॉफी प्यालात!"

मला मल्लाप्पाला दिलं नाही. दुरुस्तही केलेलं नाही. पिस्टनला भोक आहे तसंच आहे आणि नागोजीची बोटंही आहेत तशीच आहेत. खरं बोललं म्हणून ती वळत नाहीत. दोघांनी आपापली चूक माझ्या आड लपवली, याचा मला राग होता. आता तो राग राहिला नाही, कारण तिसरी चूक माझी. मलाही पुढे राहायला आवडत होतं.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, शिवणयंत्र असेल, पाण्याचा पंप असेल. खंडेनवमीला त्यांना हार जरूर घाला. पण वर्षभर त्यांचा आवाजही ऐका. आम्हाला दुखलं खुपलं तर आमचा आवाज बदलतो, दुसरं काही आम्हाला जमत नाही. तो बदललेला ऐकू आला तर थांबा. मागे असाल तर कुणीही थांबतो. पुढे असाल तेव्हा थांबा.