बंबाचा प्लग

पारा उणे एकतीसवर गेला होता. गाडीचं इंजिन गरम करणारी तार विजेला लावावी म्हणून इर्या अंगणात आली, खांबावरच्या बोर्डाजवळ उभी राहिली आणि प्लग हातात धरून तशीच थिजली. थंडीचं काय, साठ वर्षं झाली सोसतेय ती. पण हातातल्या प्लगवरून तिला दुसराच एक प्लग आठवला.

गेल्या रविवारी गावच्या बंबघरात, आगीचा बंब ठेवतात तिथे, कॉफी होती. वर्षातून एकदा अग्निशमन दलाची माणसं अख्ख्या हिएतापेरा गावाला बोलावतात आणि वेलचीच्या गोड पावाचे ढीग संपवतात. तिथली कॉफी इर्याच करणार, दुसऱ्या कुणाची हिंमत नाही. स्वयंपाकाच्या कोपऱ्यातल्या बोर्डावर दोनच यंत्रं चालतात, तिसरं लावलं की फ्यूज उडतो. म्हणून तिसरं यंत्र तिने नेहमीसारखं बंबामागच्या भिंतीवर लावलं, तिथला पिवळा प्लग काढून. तो प्लग बंबाच्या बॅटरीच्या चार्जरचा.

परत लावला का तो? कप धुतल्याचं आठवत होतं, फडकी वाळत घातल्याचंही. प्लगचं मात्र काही केल्या आठवेना.

चार्जर कसा, तर स्वयंचलित. बॅटरी भरली की आपला आपण आवरतो, उतरायला लागली की आपला आपण पुन्हा सुरू होतो. आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण भिंतीतून वीजच मिळाली नाही तर त्याची ही सगळी हुशारी काय कामाची? बंबातले वायरलेस आणि हातदिवे दिवसरात्र त्याच बॅटरीवर जगतात. आठवडाभरात त्यांनी ती पार चोखून टाकली असणार.

यारक्कोला एक फोन केला असता तर काम झालं असतं. तो दलाचा प्रमुख, आणि घर बंबघराच्या समोरच. पण फोन करायचा म्हणजे कबूल करायचं, आणि तेही यारक्कोसमोर! दोन हिवाळ्यांपूर्वी, तिचा नवरा ओइवा गेला त्याच महिन्यात, सरावाच्या दिवशी बंब सुरूच झाला नव्हता. व्हॅक्यूम क्लीनर लावायला यारक्कोनेच प्लग काढला असणार, असं ठरवून इर्याने त्याला सगळ्यांदेखत फाडून खाल्लं होतं. वर स्वतःच्या हाताने पाटी रंगवून बोर्डाशेजारी चिकटवली: ‘हा प्लग काढणाऱ्याने बंब ढकलत न्यावा.’ लोक अजून ती वाचून हसतात. यारक्कोही हसतो, कान लाल करून.

“गुपचूप जाऊन लावून येते,” ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने गाडी काढली.

दुपार सरत आली होती, उजेड निळा पडला होता. दोन्ही बाजूंच्या घरांवर धूर सरळ उभा होता. असल्या थंडीत लोक शेगडीत लाकडं नुसती कोंबतात, आणि मग धुराड्यात साचलेली काजळी पेटते. ‘आज नको रे देवा,’ ती पुटपुटली. ‘मी पोचेपर्यंत नको. मग काय हवं ते पेटव.’

तेवढ्यात फोन कर्कश वाजला. दलातल्या सगळ्यांना, इर्यालाही, एकदम येतो तो संदेश: धुराड्याला आग, लेम्पीचं घर.

लेम्पी नव्वदीची. एकटी राहते, गुडघे गेलेले.

इर्याने गाडी कडेला घेतली. नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

“यारक्को! बंब सुरू व्हायचा नाही! प्लग मी काढला होता, रविवारी, कॉफीसाठी. आधी तुझा ट्रॅक्टर आण, त्याच्या बॅटरीवरून तारा जोड. ऐकतोयस ना?”

पलीकडून नुसत्या धापा ऐकू आल्या. मग दार आपटलं. मग काहीच नाही. इर्याने डोळे मिटले. आठवलं तेव्हाच फोन केला असता तर? आपल्या नाकापायी लेम्पी जळून मेली तर?

आणि फोनमध्ये इंजिन घुमलं.

“झाला सुरू,” यारक्को म्हणाला.

“कसा काय?”

“रविवारी तू गेलीस आणि मी लावला. आहेस कुठे तू?”

“लेम्पीच्या फाट्याजवळ.”

“मग तिथे काय करतेस? जा, काढ तिला बाहेर!”

लेम्पीला पांघरुणात गुंडाळून, जवळजवळ उचलूनच इर्याने गाडीत बसवलं. “माझं मांजर!” म्हातारी ओरडली, तेव्हा परत जाऊन मांजरही आणलं. धुराड्यातून ठिणग्या उडत होत्या. वळणावर निळे दिवे दिसले आणि इर्याला रडूच फुटलं. घर वाचलं.

संध्याकाळी बंब जागेवर लागला, बाकीचे घरी गेले. यारक्कोने पिवळा प्लग तिच्यापुढे धरला.

“दर वेळी तूच लावतोस?”

“ताइस्तोने प्रमुखपद सोडताना बजावलं होतं. म्हणाला, कॉफी झाली की इर्याचा प्लग बघत जा. आधी तो बघायचा.”

“मला का नाही सांगितलंत?”

“ती पाटी लावल्यावर? कोण सांगणार बाई तुला!”

इर्याला हसू आलं. “मग त्या सरावाच्या वेळी कुठे गेला होता तुझा ताइस्तो?”

यारक्को हातमोजे काढत राहिला. “त्या आठवड्यात ओइवाला पुरल्यावरची कॉफी इथेच झाली होती, इर्या,” तो हळू आवाजात म्हणाला. “त्या दिवशी प्लगकडे बघायचं कुणाला सुचलं नाही.”

तिला सगळं दिसलं. काळा पोशाख, तिसरं यंत्र, ‘मीच करणार, ओइवाची कॉफी आहे’ म्हणून सगळ्यांना बाजूला सारणारी ती स्वतः.

“म्हणजे तू काढलाच नव्हतास. आणि माझं सगळं ऐकून घेतलंस?”

“तुला तेव्हा कुणावर तरी ओरडायचंच होतं. मी समोर होतो.”

“माफ कर रे पोरा,” ती म्हणाली.

तिने पाटी नखाने खरवडून काढली. प्लग लावला, दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला. चार्जरवर पिवळा दिवा लागला. तो हिरवा होईपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि यारक्कोही घरी गेला नाही.